ताऱ्याला वीज होती

वाचन: मत्तय २५:१-१३ आणि लूक ११:५-८



आगमनकाळ लागला की मला एक रात्र आठवते. तीन वर्षे झाली. ती गोष्ट लिहावी असे दरवर्षी वाटते आणि दरवर्षी मी टाळतो, कारण त्या गोष्टीत मी काही बरा दिसत नाही. यंदा लिहितो आहे, कारण आमच्या तरुण मुलांनी पुन्हा गाडीवर तारा बांधायला घेतला आहे आणि किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला. पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर महाराष्ट्र. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, घरातले बोलणे मराठीत, आणि जवळपासच्या गुड्यांवर गोंडी नि कोलामी. पूर्वी आम्ही चांद्याच्या धर्मप्रांतात होतो. १९९९ साली आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला. फादर शहरातून येतात, तेही ठरलेल्या रविवारी. मधल्या दिवसांत चॅपेल उघडणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्यांकडे जाणे आणि धर्मग्रामाची जुनी जीप सांभाळणे ही कामे आम्हा स्वयंसेवकांची. जीप माझ्या वाट्याला. ती जीप फक्त चॅपेलची नाही. गावात कोणाला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर माणसे आधी आमच्याच फाटकाशी येतात.

डिसेंबरात आमच्याकडे थंडी कडक असते. तेलंगणात थंडीची बातमी आली की तिच्यात आदिलाबादचे नाव असायचेच. पहाटे पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, कापसाच्या पऱ्हाट्यांवर दव साचते आणि जुन्या गाड्या सकाळी कुरकुरतात. आमची जीपही त्या पंधरवड्यात दोनदा कुरकुरली होती. मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितले आणि सांगितले, "मास्तर, बॅटरीतले पाणी खाली गेले आहे. डिस्टिल्ड वॉटर टाका, टर्मिनल साफ करा, आणि जमले तर चार्जिंगला लावून घ्या." पाण्याची बाटली मी आणलीही होती. ती चॅपेलच्या कपाटात मेणबत्त्यांच्या शेजारी तशीच उभी होती. नाताळची इतकी कामे होती की तेवढी पाच मिनिटे मला मिळाली नाहीत, असे मी स्वतःला सांगत होतो.

त्याच आठवड्यात प्रार्थनासभेत दहा कुमारींच्या दाखल्यावर मीच बोललो होतो. चांगला अर्धा तास बोललो. तेल भरून ठेवा, वर मध्यरात्री येतो, वगैरे. लोकांना आवडले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही नाताळगीते गात गावातून निघालो. जीपच्या टपावर बांबूचा मोठा तारा, त्याला दिव्यांच्या माळा, तारा लांबून दिसावा म्हणून खालून एक फोकस, आणि मागे ॲम्प्लिफायर नि कर्णा. वीज गेलेली होती, त्यामुळे काळोखात तारा असा उठून दिसत होता की मुले त्याच्याकडे बघतच राहिली. सगळे त्या जीपच्या बॅटरीवर. दर घरासमोर गाडी उभी करायची, डिझेल वाचवायला इंजिन बंद, दोन गाणी, प्रार्थना, चहा, पुढे. पुढच्या घरापर्यंत पोरे गाडी ढकलत नेत होती. त्यात त्यांना मौज वाटत होती. मलाही.

आमच्या चॅपेलच्या मागे एका शेतकरी काकांचे घर आहे. ते ख्रिस्ती नाहीत. आम्ही त्यांच्या गल्लीत आलो तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "मास्तर, आवाज जरासा कमी करा ना. पोरगा आजारातून उठला हाय, आत्ताच झोपला." मी उत्तर दिले, "काका, वर्षातून एकदाच असते," आणि गाणे पुरे केले. आवाज कमी केला नाही. पुढे जाताना मी मागे वळूनही बघितले नाही.

रात्री साडेदहाला जीप कशीबशी आवारात ढकलून आणली. फोकस बंद केला. ताऱ्याच्या माळा मात्र तशाच ठेवल्या, लोक येता-जाता बघतील म्हणून.

पावणेबाराला आमच्या आजीचा नातू धावत आला. आजी म्हणजे गावातल्या निम्म्या ख्रिस्ती माणसांना प्रार्थना शिकवलेली म्हातारी. तिला दमा. थंडीने आणि चुलीच्या धुराने तो बळावलेला, आणि वीज नसल्यामुळे घरातले वाफेचे यंत्र बंद. ओठ निळसर दिसू लागले होते. ॲम्ब्युलन्सला फोन लागला, पण ती एका बाळंतिणीला घेऊन आधीच निघाली होती, परत यायला वेळ होता. आदिलाबादचा दवाखाना जवळजवळ तासाभराच्या वाटेवर.

मी जीपमध्ये बसलो आणि किल्ली फिरवली. कट, कट, कट. समोरचा लाल दिवा मंद झाला आणि विझला. पुन्हा फिरवली. आता कटही नाही.

टपावर ताऱ्याची शेवटची माळ अजून मिणमिणत होती.

पोरांनी धक्का दिला. फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, उतारावर. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, गाडी हिसका देऊन थांबली. हँडल मारून जीप सुरू करायचे दिवस गेले. आमच्या जीपला हँडलची सोयच नाही. आणि हल्लीच्या डिझेल गाड्यांत इंधन सोडायचे काम विजेवर चालते, त्यामुळे बॅटरी अगदीच मेलेली असेल तर चाके कितीही फिरवा, इंजिन पेट घेत नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री मी फक्त "अजून एकदा, अजून एकदा" ओरडत होतो आणि पोरे दमत होती.

गावात ट्रॅक्टर तीन. एक ऊस वाहायला बाहेरगावी गेलेला, एक नादुरुस्त. तिसरा काकांचा.

मी त्यांच्या दारासमोर किती वेळ उभा राहिलो असेन? अर्धे मिनिट असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात मी दुसरी वाट शोधत होतो, हे कबूल करतो. मग कडी वाजवली. आतून काकूंचा आवाज आला, मग कंदील आला, मग डोक्याला मफलर गुंडाळलेले काका. मी "आजी..." एवढेच म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितले आणि चपला घातल्या. लूकच्या शुभवर्तमानातला मित्र आधी आतून म्हणतो की मुले निजली आहेत, त्रास देऊ नकोस. काकांना तसे म्हणायचा पूर्ण हक्क होता. ते म्हणाले नाहीत.

ट्रॅक्टर जीपच्या नाकाशी नाक लावून उभा केला. दोन्हींच्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या, त्यामुळे जोडता येत होत्या. पण जोडायचे कशाने? एका बॅटरीतून दुसरीत वीज द्यायला जाड केबल लागते. ती कोणाकडेच नव्हती. मी कर्ण्याची वायर काढून आणली. काकांनी ती कंदिलासमोर धरली आणि म्हणाले, "ही तर दोऱ्यासारखी हाय. वितळून जाईल." ते कोठ्यात गेले आणि विहिरीच्या मोटारीसाठी आणलेले नवे केबलचे वेटोळे घेऊन आले. तीन पदरी, अखंड. त्यांनी विळा मागितला.

"काका, कापू नका. नवे आहे."

"वायर जोडता येते," ते म्हणाले आणि हातभर-हातभर मोजून दोन तुकडे कापले.

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांचे वेष्टन सोलले आणि तिन्ही पदर एकत्र पिळून त्यांची एक तार केली. अशा दोन तारा. जीपच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा चुना साचला होता. काकांनी तो पोत्याच्या तुकड्याने पुसला, विळ्याच्या पाठीने खरवडला. माझ्याकडे बघितले नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग एक तार अधिकाला अधिक जोडली. दुसरीचे एक टोक ट्रॅक्टरच्या उण्याला, आणि दुसरे टोक जीपच्या बॅटरीला नव्हे, तर लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, म्हणून. कंदीलही त्यांनी दूर ठेवायला लावला.

मी लगेच किल्लीकडे धावलो. त्यांनी हात धरला. "आत्ता नाही. एवढ्या वायरीतून स्टार्टरची वीज जात नसते. आधी तुमच्या बॅटरीले थोडी पिऊ द्या."

त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, हाताची रेस वाढवली आणि आम्ही थांबलो. पंधरा मिनिटे.

बंधुभगिनींनो, मी खूप प्रार्थनासभा घेतल्या आहेत, पण त्या पंधरा मिनिटांसारखी एकही नाही. आजीला खाटेसकट आणून कोठ्याच्या आडोशाला, वाऱ्यापासून दूर बसवले होते. काकू तिला पुढे वाकवून, उशीवर हात टेकवून, पाठीवरून हात फिरवत होत्या. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि ट्रॅक्टरच्या आवाजातही ऐकू येत होता. नातू जपमाळ म्हणू लागला. मला शब्द आठवेनात. मी वर बघितले तर टपावर बांबूचा तारा, काळा. चार तास मी ज्याला वीज पाजली तो. आणि एका किल्लीपुरती शिल्लक ठेवली नव्हती.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन एकदा कण्हले आणि बसले. वायर कोमट झाली होती. अजून दहा मिनिटे. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा इंजिनाने दोन गोते खाल्ले आणि लागले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी आधी लोखंडावरची तार सोडवली, मग बाकीची, आणि आजीची खाट उचलायला हात लावला. ते स्वतःही बरोबर आले. वाटेत फक्त एकदा बोलले: "गाडी बंद पडू देऊ नका."

मी पडू दिली नाही. दवाखान्याच्या फाटकासमोर उतरताना इंजिन चालूच ठेवले. आजीला आत घेतले, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की वेळेत आणलेत, आणि तरीही इंजिन बंद करायची माझी हिंमत होईना. पहाटेपर्यंत त्या थंडीत जीप धडधडत राहिली, आणि मी स्टिअरिंगवर डोके ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हिशेब मांडला. फोकस आणि ॲम्प्लिफायर मिळून साधारण शंभर वॅट धरा. बारा व्होल्टवर ते आठ-नऊ अँपिअर ओढतात, आणि तेही चार तास. जुनी, पाणी उतरलेली बॅटरी तेवढ्यात अर्धमेली होते. त्यात थंडी. थंडीत बॅटरीच्या आतली क्रिया मंदावते, आणि इंजिनातले ऑइलही घट्ट होते. म्हणजे लागते जास्त आणि मिळते कमी. मग त्याने जे सांगितले ते माझ्या मनात बसले. स्टार्टरला दोनशे अँपिअरच्या आसपास लागतात, पण दोन-तीन सेकंदच. गाडी सुरू करायला एकूण जेवढी वीज खर्च होते, तेवढी आमचा तारा मिनिट-सव्वा मिनिटात खात होता.

मिनिट-सव्वा मिनिट. एक अख्खे गाणेही नाही. आजीसाठी लागत होते ते फार नव्हते. ते फक्त वेळेवर आणि एकदम लागत होते.

लहानपणापासून त्या पाच शहाण्या कुमारी मला जरा कंजूष वाटायच्या. थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? आता तसे वाटत नाही. काकांनी मला ट्रॅक्टर दिला, नवी वायर दिली, झोप दिली. पण मी पंधरा दिवस न भरलेले पाणी ते मला देऊ शकत नव्हते. उसनी वीज घेऊन गाडी सुरू होते. उसन्या विजेवर ती रोज चालत नाही. बॅटरी एकदा पूर्ण उतरली की आतल्या पत्र्यांवर जो थर धरतो, तो सगळा परत जात नाही. आमची बॅटरी महिन्याभराने बदलावीच लागली. रोजची प्रार्थना, वचन, पश्चात्ताप, आजाऱ्याच्या घरी मारलेली फेरी, हेही तसेच आहे. ते ऐनवेळी शेजाऱ्याकडून मागून आणता येत नाही.

पण मग मध्यरात्री भाकरी मागणाऱ्या मित्राचा दाखला? तिथे तर उसने मिळते. दोन्ही दाखले एकाच प्रभूचे. मला वाटते, आपल्या दिव्यापुरता पहिला दाखला वाचावा, आणि दुसऱ्याने दार वाजवले की दुसरा. आपण पुष्कळदा उलटे करतो. स्वतःला म्हणतो, काही अडले तर कोणीतरी देईल. आणि दारात कोणी आला की म्हणतो, तेव्हाच तेल का भरून ठेवले नाहीस?

आणखी एक. मत्तयाचा तो पंचविसावा अध्याय मी त्या प्रार्थनासभेत तेराव्या ओवीवर थांबवला होता. पुढे वाचला असता तर त्याच अध्यायाच्या शेवटी प्रभू सांगतो की तो आजारी असताना कोणी आला आणि कोणी आला नाही. वर कोणत्या रूपाने येणार हे तिथेच लिहिले आहे. आम्ही ताऱ्यासह त्याच्या स्वागताला निघालो होतो, आणि तो निळ्या ओठांनी मागच्या गल्लीत खाटेवर बसला होता.

आजी पाच दिवसांनी घरी आली. मी भेटायला गेलो, सगळे सांगितले, माफी मागितली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताऱ्याले वीज व्हती, माह्यासाठी नव्हती काय रे लेका?" आणि हसली. तिच्या हसण्याने मला बरे वाटले नाही. वाटू नये असेच ते हसणे होते.

काकांना वायरचे पैसे द्यायला गेलो तर घेईनात. "जोडून द्या, झालं," म्हणाले. मग एका दुपारी त्यांच्या विहिरीवर बसून आम्ही दोघांनी ते तुकडे परत जोडले. तिन्ही पदरांचे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत, पुढेमागे घ्यायचे, टेप घट्ट गुंडाळायची, आणि मोटार खाली सोडताना जोड पाण्याच्या वर ठेवायचा. हे सगळे त्यांनी मला शिकवले. शेवटचा वेढा देताना मी म्हणालो, "काका, त्या रात्री आवाज कमी करायला हवा होता." त्यांनी टेप दाताने तोडली. "हो," म्हणाले, "करायला पाहिजे होता." एवढेच. मग चहा प्यायलो.

त्या नाताळात आम्ही उरलेली गाणी कर्ण्याशिवाय म्हटली. त्यांच्या गल्लीत हळू आवाजात. पोरगा दारात येऊन उभा राहिला.

ज्यांच्याकडे मंडळीची गाडी आहे त्यांना एक विनंती. जाड जंपर केबलची जोडी गाडीत असू द्या. बॅटरीत पाणी भरायची सोय असेल तर महिन्यातून एकदा ते बघा, टर्मिनल पुसा. सजावटीला वेगळी बॅटरी घ्या. गाडीची गाडीलाच राहू द्या. आणि ज्या शेजाऱ्याशी आज कडू बोललात, त्याच्या दाराशी आजच जाऊन या. मध्यरात्री जाण्यापेक्षा ते सोपे असते.

प्रार्थना करू या.

प्रभू येशू, तुझ्या स्वागताच्या गडबडीत आम्ही तुलाच विसरतो. आमच्या दिव्यांतले तेल आम्हाला स्वतः बघायला शिकव, आणि दुसऱ्याचा दिवा विझला तर बोल न लावता अंथरुणातून उठायला शिकव. आम्ही ज्यांना दुखावले त्यांच्याच हातून तू आम्हाला मदत पाठवतोस, म्हणून तुझे आभार मानतो. आमच्याकडे जे थोडे आहे ते योग्य वेळेसाठी राखून ठेवायची बुद्धी दे. आमेन.